विजेच्या बिलावर चार नंबर, माझ्या घराचा नेमका कोणता?

उंबरठा (धागालेखिका)

मंडळी, डोकं भणभणलंय म्हणून इथे आले.

भाड्याच्या नव्या घरात येऊन दोन महिने झाले. वीज कुठल्या कंपनीकडून घ्यायची हे इथे आपलं आपण ठरवायचं असतं. आधीच्या भाडेकरूने लावून ठेवलेली कंपनी बदलायची म्हणून रविवारी सकाळी चहा घेऊन फॉर्म भरायला बसले. नाव, जन्मतारीख सगळं सुरळीत. पत्ता टाकला तर यादीत आमची इमारत दोनदा. एकदा 'फ्लॅट ४' आणि एकदा 'दुसरा मजला, डावीकडचा'. दोन्ही मीच! आणि खाली सूचना, की खात्री नसेल तर पुरवठा क्रमांक भरा.

बिल काढलं. उजवीकडे वर एक नंबर, त्याच्या खाली दुसरा. रीडिंगच्या तक्त्यात तिसरा, त्यात मध्येच एक इंग्रजी अक्षर. आणि मागच्या पानावर एक चौकोन, डावीकडे मोठ्ठा 'एस', वरच्या ओळीत तीन डबे, खालच्या ओळीत चार. तो मला छपाईचा काहीतरी गोंधळ वाटला, म्हणून मी मीटरचा नंबर भरला. फॉर्म म्हणतो, अंक कमी आहेत. मग खात्याचा नंबर भरला आणि पुढे शून्यं लावून अंक पुरे केले. (हसू नका.) तेही चालेना.

फोन लावला. पहिलीने खातेक्रमांक विचारला आणि पुढे ढकललं. दुसरा म्हणाला मीटर क्रमांक सांगा. तिसरीने पुरवठा क्रमांक मागितला. चौथ्याने माझा नंबर मागितला, म्हणजे मोबाईलचा, आणि परत फोन करतो म्हणाला. अजून यायचाय.

तर यातला माझ्या घराचा नंबर कोणता? आणि एका घराला इतके नंबर लागतातच कशाला? बिलही या वेळी ३४० युनिटचं आलंय. एकटीला एवढी वीज कशी लागते देव जाणे, पण ते रडगाणं नंतर.

---

मिश्किल_मांजर

बिलाचा फोटो टाका, दोन मिनिटांत सांगतो.

---

शंकासुर

टाकू नका! टाकलाच तर सगळे नंबर आणि पत्ता झाकून. मग फोटो टाकून उपयोग काय, हा प्रश्न उरतोच. मांजरभाऊ, दूध पिऊन झोपा.

---

खटपट्या

आयुष्य मीटरच्या पेट्यांसमोर उकिडवं बसण्यात गेलं, त्यामुळे या धाग्यावर बोलायचा हक्क आहे असं समजतो.

उंबरठाताई, बिल क्रमांक आधी बाजूला काढा. तो त्या कागदाचा नंबर, पुढच्या बिलाला दुसरा येणार. उरले तीन, आणि ते तिघे तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत.

खातेक्रमांक तुमचा, म्हणजे माणसाचा. तुम्ही आणि ती कंपनी यांच्यातल्या व्यवहाराचा. कंपनी सोडली की तो मेला.

मीटर क्रमांक यंत्राचा. मीटरच्या तोंडावरच कोरलेला किंवा छापलेला असतो, बारकोडजवळ. मीटर बदललं की नंबर बदलला.

पुरवठा क्रमांक जागेचा. खरं तर जागेचाही नाही. रस्त्यातल्या केबलमधून निघालेली तार तुमच्या घरासाठी जिथे संपते, त्या टोकाचा तो नंबर. भाडेकरू येवोत जावोत, मीटर तीनदा बदला, कंपनी दर वर्षी बदला, तो हलत नाही. सातबाऱ्यावरचा गट नंबर डोळ्यांसमोर आणा. मालक बदलतो, पीक बदलतं, गट नंबर जमिनीला चिकटलेला.

इतके नंबर कशाला, याचं उत्तर असं. तार टाकणारा आणि वीज विकणारा एकच असेल तर एका नंबरात भागतं. महावितरणच्या बिलावर १२ अंकी ग्राहक क्रमांक असतो, सोबत ४ अंकी बिलिंग युनिट. नावात 'ग्राहक' आहे खरं, पण वागणूक जागेच्या नंबरासारखी. घर विकलं की बिलावरचं नाव बदलून घेतात, क्रमांक तोच राहतो. पण जिथे तार एकाची आणि वीज विकणारे पंचवीस, तिथे त्या पंचवीस जणांना कळेल असा एक सामाईक नंबर प्रत्येक टोकाला द्यावाच लागतो. नाहीतर नवी कंपनी कुठल्या तारेचं बिल तुमच्या नावावर फाडणार?

फॉर्मला हवाय तो चौकोनातला. बाकीचं तिकडचे लोक सांगतील.

---

साता_समुद्रापार

'एस' आणि डब्यांवरून ओळखलं, ताई ब्रिटनमधल्या आहेत. त्या चौकोनाला इथे एमपॅन म्हणतात. घरगुती ग्राहकांना कंपनी निवडायची मुभा १९९८-९९ मध्ये टप्प्याटप्प्याने मिळाली, त्या व्यवस्थेचं हे अपत्य.

एकूण २१ अंक, त्यांपैकी फॉर्मला बहुतेक वेळा खालच्या ओळीतले १३ पुरतात. त्यातले पहिले दोन अंक तारा कोणाच्या हे सांगतात. १० ते २३ हे जुने चौदा विभाग आहेत. १२ म्हणजे लंडन, १७ उत्तर स्कॉटलंड, २० दक्षिण इंग्लंड, २३ यॉर्कशर. २४ किंवा पुढचा आकडा असेल तर तारा एखाद्या छोट्या स्वतंत्र कंपनीच्या, हे नव्या वसाहतींमध्ये दिसतं.

गंमत म्हणजे हे दोन अंक 'घर कुठे आहे' याच्याइतकेच 'अंधार झाला तर कोणाला बोलवायचं' याचेही आहेत. बिल पाठवणारी कंपनी तारा दुरुस्त करत नाही. वीज गेली की १०५ लावायचा, तो फोन तुमच्या भागातल्या तारवाल्याकडे जातो.

वरच्या ओळीतले आठ अंक वापराच्या प्रकाराचे. पहिले दोन ०१ असतील तर साधं घर, ०२ असेल तर रात्रीचा स्वस्त दर असलेलं घर. पुढचे तीन मीटरच्या वेळापत्रकाचे. तो आकडा ५०० ते ७९९ मधला असेल तर याच घराला जोडलेला दुसरा पुरवठाही आहे असं समजा, बहुधा हीटरसाठी वेगळं मीटर. शेवटचे तीन तारेत वाटेवर किती वीज गळते त्या हिशोबाचे, आपण त्यात पडायचं कारण नाही.

बिल हाताशी नसेल तर तारवाल्या कंपनीला विचारा, पत्त्यावरून सांगतात.

---

कांगारू_काकू

ऑस्ट्रेलियात या नंबराला 'निमी' म्हणतात. मुलाची हाक वाटते ना? दहा अक्षरं-अंक आणि शेवटी पडताळणीचा, म्हणजे नंबर लिहिताना चूक झाली का ते ओळखायचा, एक अंक. अक्षरं चालतात, पण 'ओ' आणि 'आय' ही दोन वर्ज्य, कारण ती शून्य आणि एकसारखी दिसतात. हा नियम ज्याने घातला त्याने फोनवर कोणाला तरी नंबर सांगून पाहिलेला असणार.

शेजारी न्यूझीलंडला १५ ची माळ आहे. दहा अंक, दोन अक्षरं, मग पडताळणीसाठी तीन.

---

ऱ्हाईनकाठचा

आमच्याकडे जर्मनीत एकाचे दोन झाले. २०१८ च्या आधी एकच ३३ खुणांची लांबलचक ओळख होती, 'डीई' ने सुरू होणारी. ती फोनवर सांगून संपेपर्यंत पलीकडचा माणूस निवृत्त व्हायचा. मग त्यांनी ठरवलं, वीज मोजली जाते ती जागा आणि विजेचा व्यवहार होतो ती जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजण्याच्या जागेला ३३ ची माळ राहिली आणि व्यवहाराच्या जागेला ११ अंकी सुटसुटीत नंबर मिळाला. कंपनी बदलताना तो ११ अंकीच द्यायचा.

आधी मला हे खास इथलं किचकटपण वाटलं. छपरावर सौर पॅनल बसल्यावर पटलं. एका घरात दोन मीटरं, वीज घेण्याचा व्यवहार वेगळा आणि विकण्याचा वेगळा. एका नंबरात हे सगळं कोंबलं असतं तर माझंच डोकं फिरलं असतं.

---

साता_समुद्रापार

@ऱ्हाईनकाठचा, सौरचं इथेही तसंच. छपरावरची जास्तीची वीज विकायची तर निर्यातीचा वेगळा एमपॅन काढून घ्यावा लागतो. तार तीच, मीटरही बहुतेक तेच, नंबर मात्र दोन. माझ्या मित्राने वीज विकण्याच्या अर्जात रोजचाच नंबर भरला आणि दोन महिने वाट बघत बसला.

---

भोपळे_चौक

इटलीत 'आयटी' हे देशाचं नाव, मग तारवाल्याचे तीन अंक, मग 'ई' अक्षर, ते वीज म्हणून, आणि मग आठ अंक. वाचताच कळतं की हा विजेचा नंबर आहे. स्पेनमध्ये 'ईएस', सोळा अंक आणि शेवटी पडताळणीची दोन अक्षरं. फ्रान्सला सरळ चौदा अंक. टेक्सासला तारवाल्यानुसार १७ किंवा २२.

सगळ्यात मोठा घोळ मात्र दोन शेजाऱ्यांत. ब्रिटनमध्ये 'एमपीआरएन' म्हणजे गॅसचा नंबर. पलीकडे आयर्लंडमध्ये तेच नाव विजेच्या ११ अंकी नंबराला! डब्लिनला राहायला गेले तेव्हा मी वीज कंपनीला अर्धा तास बजावत होते, की अहो मला गॅसचं कनेक्शन नाहीये.

---

मिश्किल_मांजर

एवढे सगळे नंबर आणि एकही लक्षात राहणारा नाही. आमच्या आजीला बँकेचे सगळे नंबर पाठ होते, तिला बसवा या कामाला.

---

गणितवेडी

धागा आता माझ्या गल्लीत आला.

ब्रिटनच्या १३ अंकांत शेवटचा अंक पडताळणीचा असतो. आधीच्या बारा अंकांना अनुक्रमे ३, ५, ७, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३ ने गुणायचं, गुणाकारांची बेरीज करायची, तिला ११ ने भागायचं. उरलेली बाकी हाच तेरावा अंक. बाकी १० आली तर शून्य धरायचं.

काल्पनिक नंबर घेऊ, ००१२३४५६७८९०. पहिली दोन आणि शेवटचं शून्य सोडलं तर ७ + २६ + ५१ + ७६ + ११५ + १७४ + २१७ + २९६ + ३६९. बेरीज १३३१. म्हणजे ११ चा घन! (शपथेवर सांगते, मुद्दाम शोधला नाही.) बाकी शून्य, म्हणून तेरावा अंक ०.

आता लिहिताना ५ आणि ६ ची अदलाबदल झाली समजा. ११५ च्या जागी १३८ येतात आणि १७४ च्या जागी १४५. बेरीज १३२५, बाकी ५. कागदावर मात्र शेवटी ० आहे. चूक पकडली.

गुणकांची यादी परत बघा. मूळ संख्या ओळीने घेतल्यात, पण ७ नंतर थेट १३. ११ कुठे गेला? तो गाळलाय, कारण ११ ने गुणलेल्याला ११ ने भागलं की बाकी कायम शून्य. त्या जागी कुठलाही अंक लिहिला तरी फरकच पडला नसता. दारावर बसलेला झोपाळू पहारेकरी.

जाळ्याला भोकं आहेत. २९ ला ११ ने भागलं तर बाकी ७ उरते, म्हणजे आठव्या जागेचा गुणक तिसऱ्या जागेच्या ७ सारखाच वागतो, म्हणून तिसऱ्या आणि आठव्या जागेवरच्या अंकांची अदलाबदल पकडली जात नाही. पण हात सहसा शेजारच्या अंकांवर चुकतो. तिथे बाकी १० आणि ० यांना एकच अंक दिल्यामुळे क्वचित एखादी चूक निसटते, बाकी सगळ्या सापडतात.

---

आजोबा_ऑनलाइन

गणितवेडी बाई, दंडवत. पंचाहत्तरीत आज सकाळी वही घेऊन बसलो आणि १३३१ आणून दाखवले. सौ. म्हणाल्या, त्यापेक्षा बिल भरून या.

एक शंका. माझ्याकडचं बिल अजून वडिलांच्या नावावर येतं. ते जाऊन वीस वर्षं झाली. नंबर जागेचाच आहे तर नाव बदललं काय, न बदललं काय?

---

खटपट्या

आजोबा, नंबर जागेचा असला तरी करार माणसाचा असतो. पैसे भरताना नंबर पुरतो, म्हणून इतकी वर्षं काही अडलं नाही. पण भार वाढवायचा, ठेव परत घ्यायची, सौर बसवायचं, तक्रार करायची, तिथे अर्जदार आणि ग्राहक एकच लागतो. नाव बदलून घ्या. अर्जात जुनाच ग्राहक क्रमांक टाका. 'नवीन कनेक्शन'चा अर्ज करून बसू नका, लोक हमखास ती चूक करतात.

---

आजोबा_ऑनलाइन

तीच करणार होतो. आभारी आहे.

---

शंकासुर

सगळे नंबर मोजत बसलात आणि मूळ धाग्यातलं एक वाक्य सर्वांच्या नजरेतून सुटलं.

उंबरठाताई, तुम्ही एकट्या राहता. ३४० युनिट. हे महिन्याचं बिल का?

---

उंबरठा

हो, महिन्याचंच. दिवसभर कामावर असते. हीटर गॅसवर, शेगडी गॅसवर. फ्रीज, दिवे, लॅपटॉप, किटली. आधी वाटलं रीडिंग अंदाजे घेतलं असेल. पण जाऊन पाहिलं, जिन्याखालच्या कपाटात ओळीने सहा मीटरं आहेत. 'फ्लॅट ४' असं चिकटवलेल्या मीटरचा नंबर बिलावरच्या नंबराशी तंतोतंत जुळतो. रीडिंगही जुळतं. म्हणजे नंबर सगळे बरोबर आहेत. चौकोनातले १३ अंकही गणितवेडीच्या पद्धतीने तपासले, तेरावा अंक बरोब्बर आला!

---

शंकासुर

तेरावा अंक बरोबर आला म्हणजे तो नंबर अस्तित्वात असण्याजोगा आहे. तो तुमचा आहे हे त्यातून ठरत नाही. शेजाऱ्याच्या नंबराचाही तेरावा अंक बरोबरच येणार.

खटपट्याभाऊ, मला जी शंका येतेय तीच तुम्हाला येतेय का?

---

खटपट्या

येतेय. ते ३४० मी पहिल्या दिवशी वाचूनही सोडून दिले, चूक माझी.

ताई, कागदावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळला, मीटरवरची चिठ्ठी बिलाशी जुळली. पण मीटरच्या मागून निघालेली तार तुमच्याच घरात जाते का, हे कोणी पाहिलंय? एका कपाटात पाच-सहा मीटरं असली की तारांची अदलाबदल होते. कधी बांधकामाच्या वेळी, कधी बोर्ड बदलताना. चिठ्ठी लावणारा वेगळा, तार जोडणारा वेगळा.

तपासायला हत्यार लागत नाही. फ्रीज रिकामा करायची गरज नाही, दहा मिनिटांचं काम आहे. लॅपटॉप वगैरे आधी नीट बंद करा. मग घरातला मेन स्विच खाली पाडा आणि कपाटाशी जा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. तुमच्या मीटरचा दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. काही मीटरांत वापर नसला की तो स्थिर पेटून राहतो, तेही 'थांबला' यातच धरा. 'फ्लॅट ४' अजूनही लुकलुकत असेल तर बाकीच्या पाचांत थांबलेला कोणता ते बघा.

मग उलट तपासणी. मेन चालू करा आणि फक्त किटली लावा. मीटरवर '१००० इम्प' असं काहीसं लिहिलेलं असेल, म्हणजे एका युनिटला हजार लुकलुकी. दोन हजार वॅटची किटली एका तासात दोन युनिट खाते, म्हणजे मिनिटाला ३३ च्या आसपास. किटलीपाशी कोणाला तरी उभं करा आणि भरपूर पाणी घाला, नाहीतर मोजायच्या आत उकळून बंद पडायची.

मोबाईलवर चित्रण करा, मीटरचा नंबर आणि दिवा दोन्ही दिसतील असं. कपाटात बोट घालायचं नाही. सील, स्क्रू, तारा कशालाही हात लावायचा नाही. आणि कंपनी बदलायचा तो फॉर्म आत्ता पाठवू नका.

---

उंबरठा

केलं. मैत्रिणीला किटलीपाशी उभं केलं.

मेन पाडला. 'फ्लॅट ४' चं मीटर खुशाल लुकलुकतंय. 'फ्लॅट ३' चं गप्प. मेन चालू, किटली चालू. 'फ्लॅट ३' मिनिटाला ३५. फ्रीजसकट. किटली बंद, मिनिटाला दोन. तीनदा केलं.

म्हणजे दोन महिने मी शेजाऱ्यांची वीज भरतेय. त्यांच्याकडे सहा महिन्यांचं बाळ आहे, कपडे वाळवायचं यंत्र सतत चालू असतं, आजीही आल्यात. आणि त्या माउलीने मला परवाच जिन्यात सांगितलं, की या घरात विजेचं बिल फारच कमी येतं हो, किती बरं ना!

आता तिला हे कोणत्या तोंडाने सांगू?

---

मिश्किल_मांजर

आधी बाळाला खेळणं द्या, मग सांगा.

(हलकं घ्या. पण खरंच, चित्रण दाखवा आणि त्यांच्यासमोर परत एकदा करा. ऐकून कोणाचा विश्वास बसत नाही, दिवा थांबलेला बघून बसतो.)

---

भोपळे_चौक

मांजर पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललं.

---

साता_समुद्रापार

हे इथे नवं नाही, अदलाबदल झालेली मीटरं म्हणून कंपन्यांना माहीत असतं. तुमची सध्याची कंपनी आणि शेजाऱ्यांची कंपनी, दोघांकडे लेखी तक्रार करा, एकमेकांचे तक्रार क्रमांक एकमेकांना द्या. एकाच बाजूने कळवलं तर 'आमच्या नोंदी बरोबर आहेत' एवढंच उत्तर येतं, आणि त्यांच्या दृष्टीने ते खोटंही नसतं. घरमालकांना कळवा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर एनर्जी ओम्बुड्समनकडे, म्हणजे वीज-गॅसच्या तक्रारींचा स्वतंत्र निवाडा करणाऱ्याकडे, फुकट जाता येतं.

शेजारीणबाईंना सांगायला एक दिलासा. घरगुती ग्राहकाला बारा महिन्यांपेक्षा जुन्या वापराचं राहिलेलं बिल मागाहून लावता येत नाही, २०१८ पासून हा नियम आहे. ग्राहकानेच आडकाठी केली असेल तर गोष्ट वेगळी, पण इथे तसं काही नाही. आणि हप्ते मागून घ्या म्हणावं.

तुम्ही घरात आलात त्या दिवशीची रीडिंगं आहेत का?

---

उंबरठा

'फ्लॅट ४' चा फोटो आहे. 'फ्लॅट ३' चा कशाला काढीन मी? पण त्यांच्या बिलांवर सापडेल.

---

गणितवेडी

फॉर्म गेला असता तर काय झालं असतं हे डोक्यात येतंय. चूक नंबराने नवी कंपनी लागली असती ती शेजाऱ्यांच्या तारेला. आणि पडताळणीचा अंक बिचारा म्हणाला असता, सगळं ठीक आहे.

---

उंबरठा

*(चार आठवड्यांनी)*

धागा वर काढते, कारण अर्धवट सोडलेले धागे मला स्वतःला आवडत नाहीत.

शेजारीण रडली नाही, हसली. म्हणाली, तरीच! तिचा नवरा इंजिनिअर आहे, त्याने मेन पाडून स्वतः चार वेळा तपासलं आणि मग माझ्याकडे अपराध्यासारखा बघत राहिला.

तंत्रज्ञ आला, त्याने तेच केलं जे आपण केलं, फक्त त्याच्याकडे चिमट्यासारखं मोजायचं यंत्र होतं. मला वाटलं आता तारा उपटून सरळ जोडणार. छे! तारांना हातच लावला नाही. नोंदींमधले पत्ते बदलायचे म्हणाला. मी विचारलं, म्हणजे माझा नंबर बदलणार? तर म्हणतो, नंबर आहे तिथेच आहे, तुमचा पत्ता त्याच्यावर चुकीचा लिहिलेला होता.

खटपट्याभाऊ, तुमचा गट नंबर आठवला.

काल नवीन कागद आला. चौकोनातले १३ अंक शेजारणीच्या जुन्या बिलावर होते तेच. हिशोबही झाला, दोन महिन्यांतले माझे जास्तीचे पैसे पुढच्या बिलातून वळते होतील. त्यांना हप्ते मिळाले. कपाटातल्या चिठ्ठ्या आम्ही दोघींनी मिळून सोलल्या आणि नव्या लावल्या. यादीतलं ते 'दुसरा मजला, डावीकडचा' मात्र अजून तसंच आहे. ते कोणाचं, हे तंत्रज्ञालाही सांगता आलं नाही.

---

शंकासुर

बाकीच्या चार मीटरांचं काय? दोन चुकीची निघाली, उरलेली बरोबर कशावरून?

---

उंबरठा

शनिवारी सकाळी दहाला सगळी इमारत मेन पाडणार आहे. किटल्या आपापल्या आणायच्या.

---

आजोबा_ऑनलाइन

माझ्याही नावबदलाचा अर्ज गेला. जुनाच क्रमांक टाकला.

एक विचारू का? गॅसच्या बिलावरही असेच तीन नंबर आहेत.

---

खटपट्या

आजोबा, त्याला नवा धागा काढा. हातासरशी बिल घेऊन बसा, फोटो टाकू नका.